पहिल्या रांगेतली खुर्ची

३ जून
वरची खोली, खिडकीजवळ

चि. भोंग्यास,
तोंडाला कुलूप लागलेल्या मामाचे लेखी आशीर्वाद.

दचकू नकोस. मामाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी आक्रीत घडलं असं तुझ्या आईला वाटेल, म्हणून तिला आधीच सांग की मी ठणठणीत आहे. दोन वेळा उघड जेवतो आणि मधे एकदा चोरून खातो. फक्त बोलत नाही. घशाच्या डॉक्टरांनी माझ्या स्वरतंतूंवरची एक बारीकशी गाठ काढली आणि वर दम भरला, "काही महिने एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते तर जास्तच वाईट." मी राजा, चोर, म्हातारी, कुत्रा, झालंच तर ढग, अशा सगळ्यांच्या आवाजात बोलून आजवर पोट भरलं. ते ऐकल्यावर डॉक्टरांचाही चेहरा जरा पडला.

घरात मी गळ्यात पाटी अडकवून फिरतो. तुझ्या मामीचं सुख काय सांगू! ती बोलते, मी लिहायला घेतो, आणि माझं लिहून होईपर्यंत ती पुढच्या विषयावर पोचलेली असते. काल पाटीवर लिहिलं, 'भाजीत मीठ कमी आहे.' तिने ते वाचलं, पदराने पुसलं आणि पाटी परत दिली. तिच्याकरवी तुला फोन करवला असता, पण मग ते बोलणं माझं राहिलं नसतं. मेसेज मला जमत नाही. बाहुल्यांच्या दोऱ्या ओढायची सवय असल्याने माझी सगळी बोटं एकदम चालतात आणि फोन बावचळतो. म्हणून हे पत्र.

आता मुद्द्याचं. टकल्या गप्प आहे.

तू पहिलीत असताना ज्याच्या डोक्यावर पेन्सिलीने केस काढले होतेस, तोच माझा थापाड्या बाहुला. खेळातली सगळी गोष्ट तोच सांगतो आणि प्रत्येक गोष्टीत राजाला वाचवणारा हाच. बाकीच्या बाहुल्या मामी नाचवते, त्यांना बोलायचं काम नाही, त्यांचे आवाजही टकल्याच काढतो. टकल्या हे नावही मीच ठेवलं, कारण वरून दोऱ्या धरल्या की मला त्याचं टक्कल तेवढं दिसतं. समोरच्या पोरांना मिशा दिसतात, डोळे दिसतात, तरी तीही त्याला टकल्याच म्हणतात.

आमच्या गुरूंनी घालून दिलेली रीत तुला आठवत असेल. जी बाहुली कामातून गेली, तिला अडगळीत टाकायचं नाही. तिला पहिल्या रांगेत खुर्ची. आयुष्यभर लोकांनी तिला पाहिलं, आता तिने बसून खेळ पाहावा. सध्या तिथे राणी बसते. तिची मान मोडलीय, पण आल्या आल्या पोरं आधी तिला हात करतात. त्या रीतीचा दुसरा भाग तुला माहीत नसेल. गुरू म्हणायचे, अख्खा हंगाम जी बोलकी बाहुली बोलली नाही, तीही कामातून गेली असं समजावं. वाचनालयाच्या खालच्या खोलीतला आपला रविवारचा खेळ ऑगस्टमध्ये सुरू होतो. या हंगामात टकल्या बोलला नाही, तर त्याला मला माझ्या हाताने त्या खुर्चीत नेऊन बसवावं लागेल. ते माझ्याच्याने व्हायचं नाही गं.

मामीला विचारून झालं. ती म्हणाली, "घरात बोलते तेवढं पुरे." मग माझ्या डोक्यात तू आलीस. तुझा आवाज रोज बसस्टँडवर हजारो माणसं ऐकतात आणि ऐकल्याबरोबर धावत सुटतात. माझ्या आवाजाने आजवर कुणी धावलेलं नाही. तर टकल्याला तुझा आवाज दे. कायमचा नको, उसना दे. माझा आला की परत घेईन.

नाही म्हणू नकोस.

तुझा,
मामा

ता.क. मामी पाठीमागून वाचतेय. मिठाचा मजकूर खोटा आहे असं लिही म्हणते. मी लिहिणार नाही.


१० जून
निवेदन कक्ष, बसस्टँड

मुक्या मामास,
बडबड्या भाचीचा सा. नमस्कार.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती आधी रडली, मग मिठाच्या जागी हसली, मग म्हणाली, "तो गप्प बसलाय हे बघायला मी येणार आहे." सांभाळ.

टकल्याचं म्हणशील तर मामा, तू चुकीच्या दारात आलास. मी पाळण्यात असताना तू मला भोंगा म्हणायचास ते ठीक होतं. तेव्हा माझ्या आवाजात जीव होता. इथे नोकरीला लागले तेव्हा पहिला महिनाभर तो काढून टाकायचंच शिक्षण होतं. आमचे कंट्रोलर साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही दुःखी वाटता. गाडी रद्द झाली तर तुम्हाला दुःख कशाला?" मग मी दुःख काढलं. मग म्हणाले, आता खूश वाटता. तेही काढलं. आता मी हरवलेलं मूल सापडल्याचंही गाडी सुटल्यासारखंच सांगते. परवा एका बाईला तिचा मुलगा माझ्या खोलीत भेटला. ती म्हणाली, "अय्या, तुम्ही खऱ्या आहात? मला वाटलं मशीन आहे."

काचेच्या एवढ्याशा खोलीत मी दिवसभर एकटी असते. समोर माइक, त्याचं बटण, आणि माइक चालू असला की पेटणारा एक लाल दिवा. माणसं काचेपलीकडून दिसतात, पण ती माझ्याकडे बघत नाहीत, वर भोंग्याकडे बघतात. पोरांसमोर बोलायचं तर मला मधे काच लागेल.

तरीपण तुझ्यासमोर हात टेकले. खजिन्याच्या गोष्टीचा सुरुवातीचा भाग मला तोंडपाठ आहे (तू तो किती वेळा ऐकवलास!). तो रेकॉर्ड करून मामीच्या फोनवर पाठवलाय. ऐक, आणि ऐकून झालं की दुसरं कुणी शोध. माझ्या माहितीत एक भाजीवाला आहे, फार गोड ओरडतो.

तुझी,
भोंगा


१७ जून
वरची खोली

चि. भोंग्यास,

तुझं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर, तेव्हा मामीला ठसका लागला. अगं, तू प्रत्येक वाक्य दोनदा का म्हणतेस? "एक होता राजा. एक होता राजा. त्याचा खजिना चोरीला गेला आहे. त्याचा खजिना चोरीला गेला आहे." आणि गोष्ट सुरू करण्याआधी तू चक्क 'टिंग टाँग' म्हणालीस! मला हसायचीही बंदी आहे, उशीत तोंड खुपसून बसलो.

मग टकल्याला खुंटीवरून काढलं, फोन उशाशी ठेवला आणि त्याला तुझ्या आवाजावर नाचवून पाहिलं. जमलं नाही. दोष तुझा नाही, रेकॉर्डिंगचा आहे. ते थांबत नाही. टकल्या थाप मारण्याआधी नेहमी डोकं खाजवतो. त्याचा हात वर जातो, टकलावर दोनदा फिरतो, पोरांना कळतं की आता हा फेकणार, ती आधीच हसायला लागतात, आणि मग तो बोलतो. तुझा आवाज बिचाऱ्याला हात वर न्यायलाच वेळ देत नाही. एकदा तर तो खाजवत राहिला आणि खजिना सापडूनही गेला.

तेव्हा हे लक्षात ठेव. आधी हात, मग आवाज. आपल्या धंद्यात आवाज हा हाताच्या मागून चालतो. हात काय करतोय ते बघायचं, थोडं थांबायचं, मग तोंड उघडायचं. तुझं उलटं आहे. तू बोलतेस आणि लोक हलतात.

म्हणून तुला गृहपाठ. कसलीही वस्तू घे, चमचा, हातमोजा, काहीही. डाव्या हाताने ती हलव आणि ती हलेल तशीच तिच्याकरता बोल. ती थांबली की तूही थांब. आणि थापा मार. खरं बोलायची तुला फार सवय लागलीय, ती या कामात उपयोगाची नाही.

तुझ्या आवाजाबद्दल खरं सांगू? दोनदा म्हटलेल्या त्या वाक्यांत एका जागी, 'चोर' म्हणताना, तू किंचित अडलीस. तिथे टकल्याने मान वळवली. मी वळवली नव्हती, माझ्या बोटांनी आपोआप वळवली. तेवढ्यावर मी आशा ठेवून आहे.

भाजीवाल्याला कळव, जागा भरलेली आहे.

तुझा,
मामा


२ जुलै
निवेदन कक्ष

गुरुवर्य मामास,

तुझ्यामुळे माझी नोकरी जाता जाता राहिली. नीट बसून वाच.

गृहपाठ मनापासून चालू होता. घरी चमचा, बसमध्ये हातमोजा, आणि कामावर चहाचा कागदी कप. कपाला पेनाने मिशा काढल्या. दोन घोषणांच्या मधे वेळ मिळाला की माइकचं बटण बंद करायचं आणि कपाला बोलायला लावायचं. पहिले काही दिवस कपही दोनदाच बोलायचा. मग हळूहळू तो डोकं खाजवायला लागला (कड पकडून तिरपा केला की खाजवल्यासारखं दिसतं). आणि मामा, तू म्हणतोस ते खरं आहे. तो तिरपा झाला की मला आतून हसू यायचं, आणि त्या हसण्याच्या पाठोपाठ थाप आपोआप यायची.

तर गेल्या बुधवारी सकाळची साडेनऊची गाडी आली नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. मी दर थोड्या वेळाने 'विलंबाबद्दल दिलगीर आहोत' म्हणतेय, लोक चिडलेत, एक आजोबा काठीने काच वाजवून गेले. मी बटण बंद केलं आणि कपाला विचारलं, "काय हो, साडेनऊची गाडी कुठे आहे?" कप तिरपा झाला. थांबला. मग म्हणाला, "साडेनऊची? अहो, मीच तर तिला घाटात ढकलत होतो! एका हाताने बरं का, दुसऱ्या हातात डबा होता. ड्रायव्हर म्हणाला, टकल्याभाऊ, तुम्ही नसता तर आम्ही अजून वरच असतो! मी म्हटलं, आभार नकोत, उताराला लागलात की फक्त ब्रेक मारत चला…"

लाल दिवा चालूच होता.

काचेपलीकडे सगळं स्टँड वर भोंग्याकडे बघत होतं. मग एकजण हसला, मग ते काठीवाले आजोबा, मग सगळेच. मी इकडे पांढरीफटक. कंट्रोलर साहेब धावत आले. दारात उभे राहून त्यांनी आधी मला पाहिलं, मग कपाला पाहिलं, मग मिशांना. आणि म्हणाले, "गाडी घाटातच बंद पडलीय. आत्ता फोन आला. तुम्हाला आधी कसं कळलं?"

मेमो मिळाला नाही. समज मिळाली, तीही दार लावून घेऊन, आणि शेवटी त्यांनीच विचारलं, "ब्रेकचं पुढे काय झालं?" गाडी आली तेव्हा दोघीतिघीजणी खिडकीशी येऊन विचारून गेल्या, ते ढकलणारे गृहस्थ उतरले का. मामा, इतकी वर्षं मी त्या खोलीत बसतेय, माझ्या खिडकीशी हसत हसत कुणी आलेलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन आईला मिठीच मारली. तिने कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

रविवारची सुट्टी मागून घेतलीय. आठवड्याला एक फेरी होईल, अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे, पण गाड्यांच्या वेळा मला पाठ आहेत. येतेय. टकल्याला सांग, उसनी येतेय.

तुझी,
भोंगा


१८ जुलै
स्वयंपाकघर

प्रिय भोंग्यास,
मामीचे अनेक आशीर्वाद.

तुझा मामा खाली वाचनालयात पडद्याची मापं घ्यायला गेलाय, तेवढ्यात लिहिते. मला त्याच्यासारखं रंगवून लिहिता येत नाही, सरळ सांगते.

तू दोन रविवार येऊन गेलीस आणि घर बदललं. तुमची तालीम चाललेली असते तेव्हा मी भिंतीआडून बघते. तो टकल्या नाचवतो आणि तू त्याच्या हाताकडे डोळे लावून बोलतेस. त्याच्या चेहऱ्यावर जे सुख असतं ते मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं. तू गेलीस की संध्याकाळी तो पाटीवर लिहितो, 'आज एका जागी ती माझ्याआधी हसली.' ती पाटी मला पुसवत नाही.

पण तुला एक माहीत असलेलं बरं. तो तुला सांगतोय की आवाज उसना हवाय, काही महिन्यांची गोष्ट आहे. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की बोलता येईल, घरात, बाजारात, फोनवर. पण वर चढणारा, वळणारा, नाटकातला आवाज परत येईलच असं नाही. बहुधा नाहीच येणार. हे त्याने ऐकलंय, मी शेजारीच होते. बाहेर आल्यावर त्याने मला पाटीवर लिहून दिलं, 'डॉक्टर तरुण आहेत.' त्यानंतर त्या विषयावर एक ओळ नाही. आशा सोडायला तयार नाही तो, आणि मी तरी त्याला कशाला सोडायला लावू?

त्याला कळू देऊ नकोस की मी सांगितलं. फक्त त्याने घाई केली किंवा तुझ्यावर खेकसला (लिहून खेकसतो, तीन उद्गारचिन्हं काढतो), तर समजून घे.

येताना आईला घेऊन ये. आणि भाजीत मीठ बरोबर होतं.

तुझी,
मामी


१२ ऑगस्ट
घरी, जेवणाचं टेबल

ती. मामास,

हे आजच लिहायचं होतं.

काल पडद्यामागे उभी राहिले तेव्हा मला एकही शब्द आठवत नव्हता. फटीतून पाहिलं तर खोली पोरांनी गच्च भरलेली, आणि पहिल्या रांगेत आपल्या खुर्चीत राणी, मान खांद्यावर टाकून. तू टकल्याला पुढे आणलंस, पोरं ओरडली, "टकल्या!" आणि गप्प झाली. आता मी बोलायचं होतं. तू मला कोपर मारशील असं वाटलं, पण तू काहीच केलं नाहीस. तू टकल्याचा हात वर नेलास आणि त्याला डोकं खाजवायला लावलंस. एकदा खाजवलं, दोनदा, सावकाश, जगातला सगळा वेळ असल्यासारखं. पोरं हसायला लागली. मला कप आठवला. आणि मी बोलले.

पुढचं मला नीट आठवत नाही. मधे एकदा मी वाक्य दोनदा म्हणाले, तर तू टकल्याला स्वतःच्याच कानाला हात लावायला लावलंस, ते पोरांना वाटलं गोष्टीतलंच आहे. तुझ्या हातांचे मी किती आभार मानू?

खेळ झाल्यावर एक छोटी मुलगी पडद्याशी येऊन टकल्याला म्हणाली, "तू खूप दिवस आला नव्हतास." टकल्याला, मला नाही. मी पाठ फिरवून रडले, आता सांगते.

पण मी विसरलेली नाही हं. हा आवाज उसना आहे. तुझा आला की त्या क्षणी मी बाजूला होईन आणि पहिल्या रांगेत बसून तुझा खेळ बघीन. तो येईलच.

तुझी,
भोंगा


१ ऑक्टोबर
वरची खोली

चि. भोंग्यास,
बोलणाऱ्या मामाचे तोंडी आणि लेखी, दोन्ही आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर बोललो तेव्हा तू ओरडलीस, मामी रडली आणि तुझी आई म्हणाली, "अरे, हा तर गोणी ओढल्यासारखा आवाज आहे." बहीणच ती. आवाज घोगरा आहे, जाड आहे, पण माझा आहे. पाटी अडकवलीय खुंटीला. तरीही हे पत्र लिहितोय, कारण जे सांगायचं ते फोनवर सांगताना माझा घसा वेगळ्याच कारणाने बसेल.

मागच्या रविवारी तुला ड्यूटी होती आणि मी तुला म्हणालो की खेळ रद्द केलाय. रद्द केला नव्हता. मी एकट्याने केला, माझ्या आवाजात. मामी नको म्हणत होती. मी तिला म्हटलं, "टकल्या माझा आहे." फार हौसेने म्हटलं.

सुरुवात केली. हात वर नेला, डोकं खाजवलं, पोरं हसली आणि मी बोललो. पुढच्या रांगेतल्या मुलीने शेजारणीला विचारलं, मोठ्याने, पोरं विचारतात तसं, "टकल्याला बरं नाहीये का?" मी पुढे रेटलं. दुसरा म्हणाला, "हा तो नाहीये." मग माझी म्हातारीची नक्कल काढली, तिला पूर्वी हमखास टाळ्या पडायच्या. आवाज अर्ध्यातच तुटला. एक पोरगा उठून पडद्याशी आला आणि टकल्याला म्हणाला, "तू आराम कर. आम्ही पुढच्या रविवारी येतो." किती मायेने म्हणाला! मी कसाबसा खेळ संपवला.

वाईट वाटलं. खूप वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आणि माझा संशय आहे की मामीने ते तुला सांगितलंय, कारण त्यानंतर तू माझ्या तीन उद्गारचिन्हांवर एकदाही चिडली नाहीस.

पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्या पोराचं बोलणं परत आठवलं आणि मला हसू आलं. भोंग्या, त्या पोरांना टकल्या आजारी वाटला! म्हणजे तो एरवी बरा असतो. अगदी ठणठणीत असतो, रविवारच्या रविवार, तुझ्या आवाजात. मला भीती होती की मी गप्प झालो की तो खुर्चीत जाईल. तो कुठेही जात नाहीये. मी विनाकारण त्याला परत घ्यायला निघालो होतो.

तर उसनं म्हटलं होतं, ते मागे घेतो. आवाज तुझाच राहू दे.

आणि येत्या रविवारी पहिल्या रांगेतल्या खुर्चीत मी बसणार आहे. दोऱ्या मामी ओढेल, तिला सगळं येतं. आवाज कामातून गेला की खुर्ची, हीच तर रीत आहे.

तुझा,
मामा


४ ऑक्टोबर
निवेदन कक्ष

मामा!!!

ही बघ, तीन उद्गारचिन्हं मलाही येतात.

खुर्ची मोडलेल्या बाहुल्यांची आहे. तुझे हात मोडलेले नाहीत. तुझ्या हातांशिवाय मला एक अक्षर बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? तू खुर्चीत जाऊन बसलास तर मी नुसत्या माइकपाशीच बसेन आणि जन्मभर दोनदा बोलेन. माझा आवाज टकल्याचा झालाय तो तुझ्या बोटांमुळे. तू पहिल्या ओळीत 'बोलणारा मामा' लिहितोस आणि शेवटच्या ओळीत स्वतःला कामातून काढतोस! मला हे मान्य नाही.

एक रविवार बस. हौस म्हणून, पाहुणा म्हणून. त्याच्या पुढच्या रविवारी मला तू पडद्यामागे हवा आहेस. कबूल असेल तरच त्यानंतर येईन.

रागावलेली,
भोंगा


७ ऑक्टोबर
वरची खोली

चि. भोंग्यास,

कबूल. आधी ते लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पुढच्या रविवारी दोऱ्या माझ्या. मामीही म्हणतेय की टकल्या जड आहे, तिचे खांदे भरून आले, आणि इतकी वर्षं मी तक्रार न करता त्याला कसा उचलला याचं तिला नवल वाटतंय. हे तिच्याकडून मी लिहून घेतलंय, सहीसकट.

आता कालचं. काल गर्दीत तुझ्याशी धड बोलणंच झालं नाही.

मी आलो, राणीला उचलून मांडीवर घेतलं आणि खुर्चीत बसलो. शेजारच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कोणाबरोबर आलात?" मी म्हटलं, राणीबरोबर. तिला ते पटलं. दिवे गेले, पडदा सरकला आणि टकल्या आला.

इतकी वर्षं मी त्याच्या डोक्यावर उभा आहे. त्याचे डोळे मीच रंगवले, कामाच्या टेबलावर आडवा ठेवून, पण तो उभा राहून चालताना ते डोळे काय करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. तो मान वळवतो तेव्हा एकेका पोरावर थांबतो, माहीत आहे तुला? प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याकडेच बघतोय. मिशा बोलताना हलत नाहीत, तरी हलल्याचा भास होतो. किती लबाड दिसतो गं तो! आणि किती चांगला! मला वरून नुसतं टक्कल दिसायचं आणि मी समजत होतो की मी त्याला ओळखतो.

त्याने डोकं खाजवायला हात वर नेला. मी सवयीने पुटपुटायला लागलो, तर शेजारच्या मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "शू. आता तो खोटं बोलणार." मी गप्प बसलो. तू बोललीस. मी सगळ्यांबरोबर हसलो, घोगरं हसलो, कुणाला फरक पडला नाही.

मग त्या खजिन्याच्या ऐन मध्यात, जिथे कधीच काही नव्हतं, तिथे टकल्या थांबला. मामीने थांबवला की तुझ्या थांबण्याने तो थांबला, ते तुम्ही दोघी अजून सांगत नाही आहात. तो पुढे आला, पार कडेपर्यंत, खाली वाकला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि तुझ्या आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्हाला इथे कधी पाहिलं नाही. पहिल्यांदाच आलात का?"

सगळी पोरं माझ्याकडे वळली. मी राणीला नीट धरलं आणि त्याला म्हटलं, "हो. पहिल्यांदाच आलोय."

"मग परत या," तो म्हणाला आणि गोष्टीकडे वळला.

येतो म्हणावं. पण आता वरूनच.

तुझा,
मामा